गॅरेजमध्ये शहाणी गाडी

लोणावळ्याचे बाळ केतकर सदुसष्टाव्या वर्षीही बाळच होते. त्यांची जर्मन गाडी मात्र अठराव्या वर्षीच म्हातारी झाली होती. निवृत्तीनंतर मुंबईच्या एका बंगलेवाल्याकडून त्यांनी ती घेतली. आतली सीट अशी, की बसल्याबसल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवूनही केतकरांना तसं कधी वाटलं नव्हतं.

अडचण एवढीच, की हल्ली गाडीच्या अंगात यायचं. वळणावर काचा आपोआप खाली, हॉर्न आपोआप सुरू. एकदा चिक्कीच्या दुकानासमोर इंजिन बंद पडलं आणि वायपर तेवढे कोरड्या काचेवर इमानदारीनं फिरत राहिले. गॅरेजमध्ये नेली की मात्र पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या मुलासारखी शहाणी.

"रविवारी प्रदीप येतोय," रजनीताईंनी नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं. "तोवर दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर चावी त्याच्या हातात." प्रदीप त्यांचा भाचा. तो जुन्या गाड्या घ्यायचा, आणि घेण्याआधी गाडीची लायकी मालकाला समजावून सांगायचा.

केतकरांनी जवळच्या कुरवंडे गावातल्या निलेशला घरीच बोलावलं. गाड्यांचं वायरिंग हे त्याचं काम. त्यानं कॉम्प्युटर जोडला आणि मान हलवली.

"सर, ह्यो ढीगभर फॉल्ट दावतोय. खरा एकच आसल, बाकीचे त्याच्या नावानं बोंबलत्यात. वळण डावं का उजवं?"

केतकरांनी हवेतच स्टिअरिंग फिरवून पाहिलं.

"उजवं," दारातून रजनीताई म्हणाल्या. "दर वेळी मी डाव्या दारावर आदळते."

"मग गाडीत कुठं पाणी साचलं आसल तर तेबी तिकडंच जाणार."

"जडत्व," केतकर म्हणाले. त्यांचा विषय आला होता.

निलेशनं बॉनेट उघडून वायपरखालची जाळी काढली. आत पाणी साचलं होतं. कोपरापर्यंत हात चिखलात घालून त्यानं तळाच्या भोकातून काळा लगदा ओढला.

"पाणी जायची वाट बुजलीय. वळणावर पाणी वायरिंगच्या प्लगवर चढतंय, गाडी उभी ऱ्हायली की उतरतंय."

"समोर जांभूळ आहे ना," केतकर घाईनं म्हणाले. "त्याचा पाला."

निलेशनं लगदा बोटानं पसरला. "जांभळाला झेंडू कवापास्नं येतो, सर?"

केतकरांनी अंधश्रद्धेवर अख्ख्या मावळात व्याख्यानं दिली होती. त्यामुळे दर मंगळवारी गाडीला वाहिलेलं फूल कुणाला दिसू नये म्हणून ते जाळीत नीट आत ढकलत. गाडी बिघडली की त्या आठवड्यात दोन.

"मीच," ते म्हणाले. "प्रयोग म्हणून."

"तुमच्या एकट्यानं एवढं न्हाई तुंबायचं. हितं शेवंतीबी हाय."

रजनीताई गॅसवर काहीतरी राहिल्यासारख्या आत वळल्या आणि थांबल्या.

"शनिवारी," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरायला गेलात की."

"तू तर विकायची म्हणत होतीस."

"म्हणायचं कुणीतरी, त्याशिवाय तुम्ही हलला नसतात. विकली असती तर मी काय रिक्षानं फिरले असते? या सीटवर पाठ दुखत नाही माझी."

निलेशनं वाट मोकळी केली आणि रजनीताईंच्या हेअर ड्रायरनं प्लग वाळवला. "फुलं वाहायची तर टायरवर वाहा," एवढंच तो बोलला आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी दोघं कुरवंड्याच्या रस्त्यानं निघाले. उजव्या वळणावर रजनीताई नेहमीसारख्या डाव्या दारावर आदळल्या. काचा जागच्या जागी राहिल्या. पुढच्या वळणावरही.

रजनीताईंनी तिथूनच भाच्याला फोन लावला. "प्रदीप, रविवारी जेवायलाच ये. अळूचं फदफदं करतेय." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, ती नाही मिळायची," त्या म्हणाल्या, आणि सीट आणखी जराशी मागे टेकवली.