आता की नंतर?

मी एक जुनी करडी डबी आहे. जेवणाच्या डब्याएवढी. अंगावर एक हिरवा दिवा, मागून निघालेली एक जाड वायर आणि पुढून निघालेल्या दोन बारीक वायरी, एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या खणात आहे. शेजारी एक पंचिंग मशीन आहे. ते दिवसभर तोंड उघडे ठेवून बसते, पण बोलत काही नाही. म्हणून म्हटले, मित्रांनो, तुमच्याशीच बोलावे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाठीवर नंबर छापला गेला आणि एका माणसाने मला तपासून ‘पास’ असा शिक्का मारला. आयुष्यातली ती माझी एकमेव परीक्षा. प्रश्न एकच होता : दिवा लागतो का? लागला.

तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्याबद्दल काही ऐकले नसेल. त्यात तुमचा दोष नाही. ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठीच मी काम करते. कानात घालायचे मशीन असते ना, ते आणले आणि घातले, असे होत नाही. कोणाला बारीक आवाज कमी येतात, कोणाला जाड. त्यातले कोणते किती वाढवायचे, हे मशीनला शिकवावे लागते. शिकवणारा प्रोग्रॅम असतो कॉम्प्युटरमध्ये. पण कॉम्प्युटरला मशीनची भाषा येत नाही आणि मशीनला कॉम्प्युटरची. मधे मी. इकडचे तिकडे सांगायचे आणि आपल्या पदरचे काही घालायचे नाही. हे काम माणसांना फारसे जमत नाही, असे मी ऐकून आहे.

सोळा वर्षे मी कान तपासणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर होते. दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. बाहेरच्या खोलीत बाईंची आई रजिस्टर घेऊन बसायची. तिला सगळे मावशी म्हणत. मावशीला कोणाला नाही म्हणणे जमायचेच नाही. चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही ती “जेवलात का?” असे विचारून मगच फोन ठेवायची.

बाईंची एक रीत होती. मशीन शिकवताना त्या नुसते कागदावरचे आकडे बघत नसत. ज्याचा आवाज सगळ्यात जास्त ऐकायचा आहे, त्याला समोरच्या खुर्चीत बसवायच्या आणि म्हणायच्या, “बोला काहीही.” तिला घरच्या माणसाची खुर्ची म्हणत. मशीनला जे ऐकू येई ते माझ्यातून जाई आणि पडद्यावर हिरवी रेघ होऊन नाचे. एका आजोबांनी त्या खुर्चीत पोपट आणून बसवला होता. पोपट तासभर गप्प बसला आणि निघताना एकच शिवी देऊन गेला. आजोबा म्हणाले, “आली! अगदी स्वच्छ आली!” दुसऱ्या एकांनी बाईंना हळूच विचारले, “एखादा आवाज वगळता येतो का हो?” समोर त्यांचा मेहुणा बसला होता.

पण माझी खरी माणसे म्हणजे घड्याळजी आणि काकू. घड्याळजी घड्याळे दुरुस्त करायचे. भिंग लावून लावून त्यांच्या एका डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. दर वर्षी दोघे मशीन लावून घ्यायला यायचे. काकूंना “बोला” असे सांगावे लागत नसे. त्या जिन्यातच सुरुवात करायच्या, खुर्चीत बसेपर्यंत गोष्ट मध्यावर आलेली असायची. घड्याळजी अधूनमधून म्हणायचे, “हं.”

“हं म्हणजे काय? ऐकलं का काही?”

“ऐकलं.”

“काय म्हटलं मी?”

“हेच. काय म्हटलं मी, असं.”

बाई हसू दाबत आवाज थोडा वाढवायच्या. “आता कसं येतंय, काका?”

“आता जरा जास्तच.”

या वर्षी काकू एकट्याच आल्या. गळ्याचे ऑपरेशन झाले होते. आवाजाची नुसती हवा उरली होती. मावशी टेबलावरून पुढे वाकली, तेव्हा कुठे तिला कळले.

“पुढच्या महिन्यात दुसरं ऑपरेशन आहे. मग एवढाही राहणार नाही. ह्यांना माझं काहीच ऐकू येत नाही आता. तोवर जेवढं येईल तेवढं...”

मावशीने रजिस्टरात लिहिले : गुरुवार, अकरा वाजता. खाली दोन रेघा ओढल्या.

बुधवारी बाई एका शाळेत मुलांचे कान तपासायला गेल्या होत्या. मावशीने ठरवले, उद्या सगळे लखलखीत पाहिजे. तिने खुर्ची पुसली. मला ओल्या फडक्याने पुसले, वायरींच्या खाचांतसुद्धा. सोळा वर्षांत मला इतके प्रेमाने कोणी पुसले नव्हते. आंघोळ घालून मला निरोप दिला जातो आहे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

मग तिने पडदा पुसला. पडद्यावर लिहिले होते : ‘कॉम्प्युटरची नवी आवृत्ती तयार आहे. आता की नंतर?’

हा प्रश्न आठ महिने रोज यायचा आणि बाई रोज ‘नंतर’ दाबायच्या. मला घडवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. नवी आवृत्ती मला ओळखणार नाही, हे बाईंना माहीत होते. आईला सांगायचे मात्र राहून गेले होते.

“आठ महिने बिचारं दारात उभं आहे,” मावशी म्हणाली. “किती वेळा माघारी पाठवायचं?”

तिने ‘आता’ दाबले. पुढे प्रश्न आला : ‘जुन्या फाइली ठेवायच्या का?’

“पसारा कशाला?” मावशी म्हणाली, आणि ‘नको’ दाबले.

गुरुवारी अकराला काकू खुर्चीत बसल्या. घड्याळजींच्या मशीनला माझ्या वायरी जोडल्या. बाईंनी कॉम्प्युटर लावला. पडदा म्हणाला : ‘हे उपकरण ओळखता आले नाही.’

मी तीच होते. टेबल तेच, वायर तीच. सोळा वर्षे रोज सकाळी रामराम, आणि आज ‘आपण कोण?’ माझा दिवा लागत होता, मित्रांनो. माझा पेपर मी अजूनही सोडवत होते. परीक्षा मात्र बदलली होती.

कॉम्प्युटरवाला धावत आला. त्याने माझी वायर काढून पुन्हा लावली. नऊ वेळा. मग म्हणाला, “मागच्या आवृत्तीवर नेता आलं असतं, बाई. पण जुनं सगळं पुसायला सांगितलंय कोणीतरी.”

“कोणीतरी नाही,” दारातून मावशी म्हणाली. “मी.”

खोलीतला फोम सगळे आवाज गिळतो. त्याने तेही गिळले.

“जुना कॉम्प्युटर कुठे मिळाला तर?” बाईंनी विचारले.

“तर होईल, तुमची जुनी सीडी त्यावरच चालेल. शोधतो.”

तोवर बाईंनी घड्याळजींना एक नवे मशीन लावून बघितले. ते फार हुशार होते. वाऱ्याचा आवाज आपोआप काढून टाकायचे. त्याला काकूंचा आवाज वारा वाटला. त्याने तो अदबीने काढून टाकला. तो गुण बंद केला तर मशीन शिट्ट्या मारू लागले. दुसऱ्या जातीचे मागवले, ते यायला दीड महिना.

बाई म्हणाल्या, “काकू, तुमचा आवाज फोनवर भरून ठेवू या का? नंतर ऐकवता येईल.”

काकूंनी मान हलवली. “मी काय भाषण करू? बोलायला समोरून ‘हं’ यावं लागतं.”

बाईंनी काकूंचे ते वाक्य कागदावर लिहून घड्याळजींना दाखवले. त्यांनी भिंग लावल्यासारखा एक डोळा बारीक करून वाचले. “हं,” ते म्हणाले. तोवर काकू चपला घालत होत्या.

मावशीने मग सोळा वर्षांची रजिस्टरे काढली आणि एकेका जुन्या रुग्णाला फोन लावला. “तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे का हो?” आमचे रुग्ण ते. निम्म्यांनी उत्तर दिले, “हो, आत्ताच जेवलो.” मावशी दर वेळी म्हणायची, “बरं झालं,” आणि पुढचा नंबर फिरवायची. तिला कोणी एक शब्द बोलले नव्हते. बोलले असते तर बरे, असे तिच्याकडे बघून मलाच वाटायचे.

कॉम्प्युटर मिळाला पाचव्या आठवड्यात, एका बेकरीत. केकवर घालायची नावे त्यावर टाइप करत. कीबोर्डमध्ये मैदा होता. बाईंनी कपाटातली जुनी सीडी घातली, माझी वायर जोडली, आणि पिठाने माखलेला तो म्हातारा क्षणात म्हणाला : ‘उपकरण जोडले गेले आहे.’ इतकी साधी ओळख. पण माझा दिवा पूर्वी कधी इतका हिरवा झाला नसेल.

काकूंचे ऑपरेशन चौथ्या आठवड्यात झाले होते.

तरी दोघे आले. घड्याळजींचे मशीन लावून घ्यायचेच होते. जिन्यातून फक्त पावले ऐकू आली. बाई सवयीने म्हणून गेल्या, “काकू, बसा. बोला काही...” आणि त्यांनी ओठ चावला.

काकू खुर्चीत बसल्या. गळ्याला पांढरी पट्टी होती. त्यांनी घड्याळजींकडे बघितले आणि बोलायला लागल्या. नुसते ओठ. पडद्यावरची माझी रेघ ताठ आडवी होती. मी पुन्हा पुन्हा बघितले, मित्रांनो. माझ्यातून एक कणभरही आवाज गेला नाही. बाईंचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

काकूंचे ओठ थांबले.

“हं,” घड्याळजी म्हणाले.

रेघ एकदाच उडाली आणि पुन्हा झोपली. काकू पुढे बोलू लागल्या. बराच वेळ. त्या थांबल्या, की घड्याळजी बरोबर तिथेच “हं” म्हणायचे. दाराबाहेर मावशी रजिस्टर छातीशी धरून उभी होती.

शेवटी बाईंनी विचारले, “आता कसं येतंय, काका?”

“आता जरा कमी,” घड्याळजी म्हणाले. “पण चालेल.”

पुढे त्यांचे मागवलेले मशीन आले. त्याला वायर लागत नाही, म्हणून मीही लागत नाही. माझी तक्रार नाही. नव्याने यावेच. पण मित्रांनो, ‘आता’ दाबण्याआधी घरात एकदा मोठ्याने विचारत जा, की याच्या भरवशावर कोणी बसले आहे का. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने सांगायचे राहू देऊ नये. माझ्यासारख्या डब्या कोपऱ्यात गप्प असतात. आमचा दिवा लागतो म्हणजे आमच्यामागे कोणीतरी कोणाचे तरी ऐकत असते.

आणि घरात कोणी जिन्यापासून बोलत येत असेल, तर ‘नंतर’ म्हणू नका. ‘हं’ म्हणा. मी सोळा वर्षे तो एवढासा आवाज इकडून तिकडे वाहिला. त्याहून जड काही माझ्यातून कधी गेले नाही.