दिव्याची बाजू

त्या गुरुवारी दुपारी काउंटरच्या खणात या वस्तू होत्या: बटणांचा एक जुना फोन, सिम काढायची एक पिन, दोन रबरबँड, उदबत्तीचा अर्धा पुडा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकसष्ट सिम कार्डे. खणाच्या वर, काउंटरवर, मी होते.

मित्रांनो, मी अंगठा घेणारी एक जुनी मशीन आहे. माझा आकार मुठीएवढा. वर एक छोटी काच, एका अंगाला वायर, दुसऱ्या अंगाला दिवा. माणसाने काचेवर बोट ठेवले की मी त्यावरच्या रेघा पाहते आणि दूरच्या मोठ्या यादीशी ताडून बघते. रेघा जुळल्या तर दिवा हिरवा होतो, नाही जुळल्या तर लाल. मला ऐकू सगळे येते, पण दिसते फक्त बोट. चेहरे मी कधीच पाहिले नाहीत.

रायपूरला मी एका खोक्यातून आले. बूढ़ापाऱ्यात, तलावाकडून येणाऱ्या गल्लीत शेखरचे मोबाइलचे दुकान होते. शेखरचे वडील रेल्वेत, मूळचे गोंदियाचे. मी येण्याआधी सिम घ्यायला फोटो लागे, फॉर्म लागे, आधारची झेरॉक्स लागे आणि चार दिवस वाट पाहावी लागे. मी आल्यावर ते काम चार मिनिटांवर आले. पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर रांग लागली. तेव्हा शेखर रोज सकाळी माझी काच मऊ फडक्याने पुसत असे आणि मला उदबत्तीही दाखवत असे. आपण फार मोठे काम करतो आहोत असे मला वाटे.

पण आमच्या धंद्यात कुठलाच नियम फार दिवस टिकत नाही. एकदा हुकूम आला की अंगठा घेऊ नका, पुन्हा कागद घ्या. मी सात महिने खणात पडून राहिले. मग पुन्हा अंगठा चालू झाला. मग दुकानदारांनी आपली नोंदणी करावी असे निघाले. मग एका नावावर किती सिम असावीत याची चर्चा सुरू झाली. कधी नवी तारीख जाहीर व्हायची, कधी ती पुढे ढकलली जायची. "आज एक सांगतेत, उद्या दुसरं," शेखर म्हणे. "आपण नुसतं पाहून राहिलो."

खरे तर नुसते पाहत कुणीच नव्हते. नवी तारीख जवळ आली की सगळ्या कंपन्यांची सिमे पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस निरंजन स्कूटरवरून यायचा. तारखेनंतर काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तारखेच्या आधी जेवढे ग्राहक वाढवता येतील तेवढे वाढवा, असे त्याचे म्हणणे असे. "शेखरभैया, ये महीना भर दो," म्हणजे महिन्याचा ठरलेला आकडा गाठा, एवढे बोलून तो सिमची नवी चळत ठेवून जाई. एका वर्षी शेखरने इतके महिने भरले की त्याला चौकटीतले प्रमाणपत्र मिळाले. ते देताना निरंजनने त्यावरची ओळ मोठ्याने वाचली होती: 'नवे ग्राहक: ६४८'. ते भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर टांगले गेले. मित्रांनो, त्या सहाशे अठ्ठेचाळीसमध्ये माझाही वाटा आहे म्हणून मी मनातून फुशारले होते.

त्याच वर्षी मला एका दुखण्याने घेरले. बोट काचेवर यायचे, रेघा स्वच्छ दिसायच्या, मी हिरवा दिवा लावायचे, आणि वरून शेखरचा आवाज यायचा, "लागला नाही. परत ठेवा." बोट पुन्हा यायचे. मी पुन्हा हिरवा लावायचे. "लागला नाही हो. परत ठेवा." मला वाटू लागले की माझी नजर गेली. माझा हिरवा आता हिरवा राहिला नसावा. मी काच ताणून ताणून पाहू लागले.

ज्यांच्यामुळे मला हे सर्वात जास्त वाटले, त्यांचे नाव लहानूभाऊ. गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर ते हमालांच्या टोळीचे पुढारी. भंडाऱ्याकडून येऊन त्यांना तीस वर्षे झाली होती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची म्हणून ते पहिल्यांदा आले. मी पहिल्याच ठेवणीत त्यांचा अंगठा ओळखला. तरी त्यांना तो पाच वेळा ठेवावा लागला. पुढे फोन पावसात भिजून सिम खराब झाले तेव्हा सहा वेळा, आणि पुन्हा कंपनी बदलली तेव्हा पाच वेळा.

"शेखरभाऊ, मायी बोटं पोत्यायनं खाल्ली," ते हसून म्हणाले होते. "मशिनीचा काय दोष?"

त्यांनी मला दोष दिला नाही. मी त्यांना दिला नाही. आम्ही दोघांनीही स्वतःलाच दिला.

आता त्या गुरुवारकडे येते.

लहानूभाऊ दुपारी आले ते धापा टाकतच. सकाळपासून त्यांच्या फोनवरून बाहेर फोन लागत नव्हता, आणि शनिवारपासून येणारे फोनही बंद होतील असा मेसेज आला होता. शेखरने मेसेज पाहिला आणि लगेच सांगितले की हा नंबर सोडून द्या, मी नवा देतो, पैसेही घेत नाही.

"नवा घेऊन काय करू? वखारीच्या भिंतीवर हाच नंबर रंगवून हाय," लहानूभाऊ म्हणाले. "गाडी लागली का मुकादम ह्याच्यावर फोन करते. फोन नाही उचलला तं दुसऱ्या टोळीले काम जाते. अकरा घरं हायेत ह्या नंबरावर, भाऊ."

भिंत पुन्हा रंगवता येईल, शेखर म्हणाला. मुकादम पाच आहेत आणि व्यापारी चाळीस, त्यांच्या डोक्यातला नंबर कोण रंगवणार, असे लहानूभाऊंनी विचारले. त्यावर शेखर म्हणाला की उद्या पाहू, आणि जेवायला घरी गेला.

काउंटरवर त्याची भाची गंधाली बसली. ती नुकतीच बी. एस्सी. झाली होती आणि दुपारी दोन तास दुकान सांभाळत असे. प्रत्येक गोष्ट मोजून पाहण्याची तिला सवय. रबरबँडसुद्धा ती मोजून ठेवायची. तिने लहानूभाऊंचा मेसेज पुरता वाचला. त्यात लिहिले होते की तुमच्या नावावर नऊपेक्षा जास्त नंबर आहेत. तुमचे कोणते ते दुकानात येऊन बोट ठेवून सांगा, नाहीतर हाही बंद होईल.

"नऊपेक्षा जास्त? लहानूकाका, तुमच्याकडे फोन किती आहेत?"

"एकच. अन् मायी बायको म्हनते, त्याच्यावरबी मी धड बोलत नाई."

आपल्या नावावरचे नंबर पाहण्याची सोय सरकारने केलेली आहे. गंधालीने ती उघडली. लहानूभाऊंच्या फोनवर येणारे मेसेज अजून चालू होते, त्यामुळे यादी मिळाली. ती एकेक नंबर वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने पहिल्यापासून पुन्हा मोजले.

चौदा.

मित्रांनो, मला छाती नाही. असती तर त्या क्षणी काय झाले असते ते मला सांगता येत नाही. कारण गंधाली आता प्रत्येक नंबरापुढची तारीख वाचत होती, आणि लहानूभाऊंचा स्वतःचा नंबर सोडला तर तारखा फक्त तीन होत्या. पहिल्या तारखेला चार नवे नंबर. दुसऱ्या तारखेला पाच. तिसऱ्या तारखेला चार. पाच ठेवण्यांतला एक हिरवा कामाचा, उरले चार. सहांतला एक कामाचा, उरले पाच. पुन्हा पाचांतला एक कामाचा, उरले चार. उरलेल्या प्रत्येक हिरव्यावर त्यांच्या नावाने एक नवे सिम निघाले होते. माझी नजर कधीच गेली नव्हती. मी लावलेला प्रत्येक हिरवा हिरवाच होता. 'लागला नाही' हे खोटे होते, आणि ते माझ्या नावावर खपत होते.

गंधालीने खणातला पत्र्याचा डबा काढला. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी शेखर त्यातली कार्डे एकेक करून बटणांच्या फोनमध्ये घालायचा आणि स्वतःलाच मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे ती चालू आहेत असे मोजले जाई. हे तिने अनेकदा पाहिले होते. दुकानातली काहीतरी तपासणी असेल असे तिला वाटायचे. आता तिने कार्डांवरचे नंबर यादीशी जुळवले. तेरांपैकी नऊ डब्यात सापडले. उरलेले चार बीरगांवच्या कारखान्यांत नव्याने आलेल्या, कागदपत्रे गावी राहिलेल्या कामगारांच्या खिशात गेले होते. कंपन्या वेगवेगळ्या होत्या, म्हणून एकाही कंपनीला एका नावावरची ही गर्दी दिसली नव्हती.

लहानूभाऊ म्हणाले, "म्हनजे मायं बोट तवा चांगलं होतं?"

गंधालीने त्याच सोयीत आता आपला स्वतःचा नंबर टाकला. तिच्याकडे एकच फोन होता. अठरा वर्षांची झाली त्या दिवशी मामाच्याच दुकानात तिने पहिले सिम घेतले होते. माझ्यावर तिने तेव्हा सहा वेळा अंगठा ठेवला होता.

यादीत सहा नंबर होते.

शेखर परत आला तेव्हा दोन्ही याद्या काउंटरवर होत्या.

"मामा, माझ्यापण नावावर?"

"घरचंच नाव होतं, पोट्टी," शेखर हळू म्हणाला. "महिना भरायचा होता."

मग तो पुष्कळ बोलला. सगळेच करतात. न केले तर एजन्सी काढून घेतात. तारखा डोक्यावर होत्या, पुढे काय नियम येईल ते वरच्यांनाही माहीत नव्हते. यात कुणाचे काय गेले? मग लहानूभाऊ म्हणाले, "तं आता मायं बोट घे."

गंधालीने माझी काच आपल्या ओढणीने पुसली. किती दिवसांनी कुणी पुसली असेल! आणि मग तिने मला उचलून फिरवले. आजवर माझा दिवा शेखरकडे असे आणि वायर गिऱ्हाइकाकडे. वायर आखूड आहे, असे तो सांगायचा. ती आखूड नव्हती. दिवा लहानूभाऊंच्या समोर आला.

त्यांनी उजवा अंगठा ठेवला. मी पाहिले, आणि मला दुसरा धक्का बसला. मधल्या काळात बोट खरेच झिजले होते. रेघांच्या जागी गुळगुळीत चकाकी होती. त्यात मला काहीही वाचता येईना. जेव्हा खरे बोलले तरी चालले असते तेव्हा हिरव्याला लाल म्हटले गेले, आणि आज या माणसाला एका हिरव्याची गरज होती तर माझ्याकडे लालच होता.

"हे बोट सोडा," गंधाली म्हणाली. "दहा आहेत. ओळीने जाऊ." तिने त्यांना हात धुऊन, पुसून यायला सांगितले. वहीत दहा रकाने आखले. उजव्या हाताची पाच बोटे झाली. पाचही लाल. डावा अंगठा लाल. तर्जनी लाल. मधले लाल. त्याच्या शेजारचे लाल. लहानूभाऊ आता बोटही नुसते टेकवत होते. वहीत नऊ फुल्या पडल्या होत्या.

डावी करंगळी पोत्याला लागत नाही. पोते धरताना ती बाहेर राहते. त्या एवढ्याशा बोटावर रेघा होत्या, बारीक, जवळजवळ, पण पुऱ्या. मी हिरवा दिवा लावला.

"लागला," लहानूभाऊ म्हणाले. हा शब्द त्यांना स्वतः उच्चारायला मिळाला तो पहिल्यांदाच.

त्यांनी एका नंबरापुढे 'माझा' सांगितले आणि तेरांपुढे 'माझा नाही'. पण अर्ज पुढे जायला नव्या नियमाप्रमाणे विकणाऱ्याचेही बोट लागते. ते ठेवले की तेरा नंबर कोणत्या दुकानातून गेले हे वर कळणार होते. शेखर उभा राहिला. मग त्याने बोट ठेवले. घामाने ओले बोट मला दिसत नाही. दिवा लाल झाला.

"लागला नाही, मामा," गंधाली म्हणाली. "परत ठेवा."

त्याने बोट शर्टाला पुसले आणि परत ठेवले.

शनिवारी नंबर बंद झाला नाही. पुढच्या महिन्यात निरंजन आला आणि दुकानाचा फलक उतरवून घेऊन गेला. शेखर आता फोनची कव्हरे विकतो, दुरुस्ती करतो. त्याने प्रमाणपत्र काढले नाही. गंधालीने काढू दिले नाही. त्या वर्षी दुकानातून गेलेल्या सिमांच्या नोंदीतून ती एकेक नाव वहीत काढत होती, लोकांना बोलावून त्यांची यादी त्यांना दाखवत होती, आणि शेखर शेजारी बसून प्रत्येकाला स्वतः सांगत होता की तुमचे बोट चांगलेच होते.

माझेही दिवस भरले. नवा हुकूम आला की माझ्या जातीच्या मशिनी आता चालणार नाहीत, नवी मशीन हवी. मी पुन्हा खणात आले. माझ्या शेजारी बटणांचा फोन आहे, पिन आहे, आणि तो पत्र्याचा डबा. त्यात आता रबरबँड असतात. तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या मशिनीवर बोट ठेवाल तेव्हा तिची काच आधी पुसा, आणि दिवा आपल्याकडे वळवून घ्या. कुणी 'परत ठेवा' म्हणाले तर का ते विचारा. आणि घरातल्या ज्यांना मेसेज वाचता येत नाही, त्यांचा मेसेज त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवा.

काल गंधालीने वहीतले शेवटचे नाव पूर्ण केले, बेरीज दोनदा केली आणि शेखरला वाचून दाखवली.

नवे ग्राहक: ६४८. माणसे: ३०७.