तेरा विटा

पुढच्या महिन्याच्या मार्गदर्शित फेऱ्यांचा आणि सहकुटुंब कार्यशाळेचा फलक मी सकाळीच संग्रहालयाच्या दारात लावला. इथे माझं खरं काम फुटकी मडकी जोडायचं. पोरं सांभाळणं संचालकबाईंनी माझ्या गळ्यात मारलं. मला पोरं आवडत नाहीत, एक सोडून. ती माझी सहा वर्षांची भाची. तोंड कधी मिटत नाही म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो.

गेल्या शनिवारच्या कार्यशाळेला मातीवाल्याने ऐन वेळी टांग दिली. मग मी मागच्या अंगणातली, उत्खननातून निघालेली, चाळून टाकून दिलेली माती भिजवली. लोण्यासारखी मळली गेली. तेरा मुलांनी साच्यात विटा थापल्या, त्यांवर पंजे उमटवले. बारा जणांनी ओल्या विटा घरी नेल्या. टिटवीची माझ्या खोलीत राहिली, कारण ताईकडे हात दोन आणि पिशव्या तीन होत्या.

माती वाळली की आकसते, दहात एक तरी. ठसा लहान दिसेल, तक्रार करू नका, असं मी प्रत्येक आईबापाला बजावतो.

आज ताई टिटवीला घेऊन आली. पोरीने धावत जाऊन ठशात हात ठेवला. तो सैल बसला, बोटांच्या कडेने जागा उरली. मी वीट मोजली. साच्याएवढीच होती, सूतभरही कमी नाही.

"हिचे बूट बघ रे," ताई म्हणाली. "महिन्यापूर्वी घेतले, आता पायातून निघतायत. फ्रॉकही पायात येतोय."

"तूच वाढत्या मापाचे घेतले असशील."

"मी काय आज आई झालेय?"

उत्खननाच्या फोटोत माप म्हणून ठेवायची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी कोपऱ्यात होती. गेल्या शनिवारी टिटवी तिच्याशेजारी उभी राहिली, तेव्हा बरोबर अकरा पट्ट्या भरली होती. मी तिला पुन्हा उभं केलं. दहा. टाचा टेकवून पुन्हा मोजलं. दहाच.

"मामा, मी कमी झाले?" तिने हसत विचारलं.

माझी पाचावर धारण बसली. माती आकसली नव्हती. तिच्या वाटचं आकसणं पोरीच्या अंगावर आलं होतं.

कच्ची वीट पाण्यात विरते. आधी करायचं आणि मग विचार करायचा हा माझा जुना रोग. मी ती उचलून बादलीत बुडवली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टिटवी किंचाळली. मी वीट बाहेर ओढली. ठशातल्या करंगळीचं टोक विरघळलं होतं. तिच्या करंगळीवर नख नव्हतं. रक्त नाही, जखम नाही, नुसतं गुळगुळीत.

मी वीट ओल्या फडक्यात गुंडाळली. विरू द्यायची नाही आणि वाळूही द्यायची नाही. जन्मभर फडकं ओलं करत बसावं लागलं तरी बसेन, लोक वेडा म्हणाले तरी चालेल.

मग बाकीची बारा मुलं आठवली. माझी खोली थंड, सावलीची, म्हणून एका पट्टीवर निभावलं होतं. मी नोंदवहीतला पहिला नंबर लावला. मुलाच्या वडिलांनी उचलला.

"वीट ना? झकास वाळलीय," ते म्हणाले. "आठवडाभर गच्चीवर कडक उन्हात आहे. वाजवली तर खणखणते."

"मुलगा कसा आहे?"

"अंगाने फार उतरलाय हो. आज डॉक्टरकडे न्यायचंय, तर पठ्ठ्या लपून बसलाय. सकाळपासून त्याची आई शोधतेय."

त्यांच्या मागे एक बाई हाका मारत होती. पलंगाखाली बघितलं, दारामागे बघितलं, असं ती सांगत होती. मग कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि हाका थांबल्या.