टाकीवाल्यांची सावड

मनस्वीच्या फोनला सुट्टी म्हणून नव्हती. तिला स्वतःला रविवार मिळायचा, सणवार मिळायचे, टायफॉइड झाला तेव्हा खाटही मिळाली. फोनला यातलं काहीच नाही. तो वाजला की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं, "मनस्वी, चालत नाय गो."

काय चालत नाही, हे कोणी सांगत नसे आणि तिला विचारावंही लागत नसे. मुरबाड आणि शहापूरकडच्या बऱ्याच गावांत नळपाण्याच्या टाक्यांवर एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. टाकी किती भरली, पाण्याची पाळी कुठल्या पाड्याची, मोटार कधी बंद करायची, हे ते सांगायचं. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, मुक्त स्रोताचं. कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, आपल्या गरजेप्रमाणे वाढवावं. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण इकडे सगळे त्याला 'टाकीवालं' म्हणत.

आणि इकडच्या मंडळींनी ते वाढवलंही भरपूर. आटगावच्या प्रज्वलने टाकीवाल्याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पोचवणारी जोडणी केली. शहापुरात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या अनिताताईंनी ग्रामपंचायतीच्या वेबसाइटसाठी पीएचपीमध्ये लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या भाविकने तर साध्या बटणाच्या फोनवरून मिस्ड कॉल दिला की पाण्याची पातळी मेसेजने कळेल अशी सोय केली, कारण त्याच्या गावात इंटरनेट पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखंच जायचं. या सगळ्यांच्या खाली होती ती मनस्वीची पायथनमधली लायब्ररी. कोणत्याही प्रोग्रामला टाकीवाल्याशी बोलायचं असेल, तर मधला दुभाषा तीच.

हे सगळं बसवायचं कसं, ते कुठे लिहिलेलं होतं? बरंचसं मनस्वीच्या डोक्यात. उरलेलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या केकच्या फोटोंमध्ये कुठेतरी दबलेलं.

अशात भाताची कापणी जवळ आली असताना मूळ प्रकल्पाच्या लोकांनी तिला विचारलं, की आसामात नदीकाठच्या गावांमध्ये टाकीवालं बसवायचं आहे, वर्षभर येशील का? मनस्वीला इतका आनंद झाला की तिने आधी आईला मिठी मारली आणि मग सांगितलं की का मारली. शहापूरला एसटीने जायचं आणि एसटीने परतायचं, यापलीकडे तिचं जग लॅपटॉपच्या पडद्यावरच काय ते पसरलेलं. आता खरोखरचं पसरणार होतं. पण मग तिच्या लक्षात आलं, की त्या गावांत फोनची रेंज धड नाही. ती तिकडे नावेत बसलेली असताना इथे 'चालत नाय गो' कोणाला सांगणार? टाक्या पडल्या बंद आणि बायका निघाल्या हंडे घेऊन, तर ते आसाम तिला गोड लागणार नव्हतं. तेव्हा तिने मनाशी ठरवलं. प्रत्येक जोडणीचं, प्रत्येक लायब्ररीचं नीट पान तयार झालं, नवख्या माणसाला ते वाचून सगळं चालवता आलं, तरच हो म्हणायचं. नाहीतर नाही.

हे काम एकटीचं नव्हतं, आणि एकटीने करूच नये असंही तिला वाटत होतं. एरवी ही मंडळी कोड लिहायला रात्रीचा दिवस करतील, पण तो समजावून सांगायला बसवा, लगेच कोणाला ताप येतो, कोणाच्या मावशीकडे बारसं निघतं. म्हणून मनस्वीने त्यांना टाळता येणार नाही असा शब्द काढला, सावड. लावणीत आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या; ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं, आणि सावडीला नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. ग्रुपवर तिने लिहिलं, 'रविवारी अनिताताईंच्या क्लासात सावड. प्रत्येकाने आपल्या जोडणीचं पान लिहायचं, मग पानं बदलायची. दुसऱ्याचं पान वाचून त्याची जोडणी चालवायची आणि खाली शेरा द्यायचा. जेवण ताईंकडे.' शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त अंगठे आले.

रविवार झकास गेला. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण, मधे मधे कीबोर्डची टकटक. संध्याकाळपर्यंत सगळी पानं मूळ प्रकल्पाच्या वेबसाइटवर चढली आणि प्रत्येकाखाली शेरा, 'चाललं.' भाविकच्या पानाखाली प्रज्वलने तर 'एकदम चाललं' असं लिहिलं होतं. मनस्वी मुरबाडला परतली ती गाणं गुणगुणतच. घरी येऊन आसामवाल्यांना हो म्हणायचा मेल तिने लिहूनही टाकला. पाठवायचा तेवढा सकाळसाठी ठेवला.

सकाळी फोन वाजला. प्रज्वल होता, मागे स्टेशनचा गलका. "मनस्वी, ती भाविकची जोडणी. चालत नाय गो."

"अरे, काल तूच लिहिलंस ना, एकदम चाललं म्हणून?"

"लिवलं ना. पन नाय चाललं," प्रज्वल म्हणाला. "बाजूला अनिताताईंचं कवाच झालेलं. सगळे चाललं चाललं लिवतात, नि मी एकटाच आपला बसलेला. काय सांगू? चल, लोकल आली."

त्याच्या मागोमाग अनिताताईंचा फोन आला. त्यांचंही प्रज्वलच्या पानावर अडलं होतं, आणि त्या गप्प बसल्या होत्या, का तर क्लास चालवणाऱ्या बाईला येत नाही असं दिसायला नको. मग भाविकचा. तो तर फोनवरही खरं बोलायला लाजत होता. मनस्वीने कपाळाला हात लावला. मेल तिने पाठवला नाही.

आई, काशीबाई, अंगणात विळ्याला धार लावत होती. मनस्वी तिच्याजवळ जाऊन बसली आणि समोरच्या पिवळ्या पडत चाललेल्या भाताकडे बघत राहिली. त्याच खाचरात ती लहान असताना कोंडली गेली होती. लावणी करताना ओळीने मागे मागे सरकायचं असतं. जी मागे पडते, तिच्या भोवतीने बाकीच्या रोपं लावून घेतात आणि ती मधे अडकते. तिलाच म्हणायचं कोंडी. मग तिची जी काही टिंगल होते, नावं घेऊन, गाणी म्हणून! मनस्वी त्या दिवशी चिखलात उभी राहून रडली होती आणि पुढच्या वर्षी हाताला फोड आले तरी मागे पडली नव्हती. सावडीत जो अडला तो हसण्यावारी जातो, हे इथल्या प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं. सावड आणली ती तिने, आणि सावडीची लाज आपोआप मागून आली. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही, म्हणून तिला स्वतःचा रागच आला.

पुढच्या रविवारी पुन्हा सावड. या वेळी मनस्वी फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आज कोंडी उलटी. वाचणारा अडला तर त्याने जोरात 'कोंडी' म्हणून ओरडायचं. टिंगल लिहिणाऱ्याची. त्याने येऊन पान दुरुस्त करायचं आणि अडलेल्याला सोडवायचं. जो जास्त वेळा ओरडेल, त्याला बोंबील जास्त."

सगळे हसले आणि आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले. ओरडलं कोणीच नाही. भाविकची आत्या धोंडीबाई त्याच्याबरोबर शहापूरच्या बाजारासाठी आली होती. गावात पाणी सोडायचं काम तीच करायची. ती कोपऱ्यात बसून म्हणाली, "अरे, मौत झाल्यावानी काय बसलाव?"

मग मनस्वीनेच भाविकचं पान भिंतीवर मोठं करून लावलं आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. 'नेहमीसारखा सर्व्हर चालू करा.'

"कोंडी!" ती ओरडली. "नेहमीसारखा म्हणजे कसा?"

भाविक गोंधळला. "तुला म्हाईत हाय ना."

"मला नाय माहीत. मी आज जन्माला आले."

"मग टोकन टाक."

"कोंडी! कुठलं टोकन? कुठून आणू? शहापूरच्या बाजारात मिळतं का?"

धोंडीबाई खदखदून हसली आणि तिच्यामागून सगळा क्लास. भाविक लाल झाला, पण उठला, आणि टोकन, म्हणजे टाकीवाल्यात शिरायची किल्ली, कुठल्या पानावर कोणतं बटण दाबून मिळतं ते लिहू लागला. एवढं होताच बांध फुटला. "कोंडी!" अनिताताई ओरडल्या, तेही क्लास चालवणाऱ्या बाईला न शोभेल अशा आवाजात. "कोंडी!" प्रज्वल. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने येऊन विचारलं की इथे काय चाललंय. दुपारपर्यंत पानांचं रूप पालटलं. 'नेहमीसारखं', 'साधारण', 'तुम्हाला माहीत असेलच' अशी वाक्यं गेली. कोणती फाइल, कोणती आज्ञा, काय दिसलं म्हणजे बरोबर आणि काय दिसलं म्हणजे चुकलं, हे आलं.

मनस्वीला मनातून वाटत होतं, की आपल्या पानावर कोणी ओरडणार नाही. ते तिने जीव लावून लिहिलं होतं. प्रज्वल ते खालपर्यंत वाचत गेला. वाटेत कुठे अडला नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीवर येऊन त्याने असा आवाज टाकला की धोंडीबाईच्या मांडीवरची पिशवी घसरली.

"कोंडी! ही बघा मनस्वीची कोंडी. 'एवढं करूनही जमलं नाही, तर मला फोन करा.' खाली नंबर! आसामात लागंल का गो?"

मनस्वीने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने बाकीची पानं बघितली. प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ होती, तिचाच नंबर, आणि ती सगळीकडे तिनेच टाकली होती, तपासता तपासता, चांगुलपणाने. नंबर हाताशी असला की पान कोण कशाला नीट वाचेल? कोण कशाला नीट लिहील? इतकी वर्षं ती फोनला कंटाळले म्हणत होती. खरं तर तिला ते आवडत होतं. कोणाचं तरी आपल्यावाचून अडतं, हे कोणाला आवडत नाही? मुरबाडच्या एका मुलीशिवाय तालुक्याला पाणी मिळत नाही, यात मिरवण्यासारखं होतंच.

"पूस ना मग," प्रज्वल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

तिने एकेका पानावरून ती ओळ पुसली. तिच्या जागी अडलेल्यांनी प्रश्न लिहायची सगळ्यांची मिळून एक जागा जोडली, आणि उत्तराची पाळी आठवड्याला एकेकाकडे लावली, पाड्यांच्या पाण्यासारखी. शेवटचा नंबर पुसताना तिचे डोळे भरून आले. जेवताना अनिताताईंनी तिच्या ताटात बोंबलाची जास्तीची तुकडी वाढली. त्याच संध्याकाळी मनस्वीने मेल पाठवला.

आसाम तिला मानवलं. मोठी नदी, सुपाऱ्यांच्या बागा, आणि तिच्या हिंदीला हसणारी पण पोटभर भात वाढणारी माणसं. कधी होडीतून, कधी सायकलवरून ती गावोगाव जाई. रेंज आली की फोन काढून बघायची. 'चालत नाय' असं कोणाचंच काही नसायचं. प्रश्नांच्या जागेवर मात्र गडबड असे. भाविक कोणाला तरी टोकन समजावतो आहे, अनिताताई प्रज्वलला झापताहेत. तिला बरं वाटायचं, आणि थोडी रुखरुखही लागायची. आपल्याला विसरले, असं एकदा ती आईला फोनवर बोलूनही गेली.

मग एका दुपारी, धक्क्यावर होडीची वाट बघत असताना, फोन वाजला. धोंडीबाई.

मनस्वी उठून उभीच राहिली. "काय गो आत्या, काय झालं? चालत नाय का?"

"चालतंय."

"काय?"

"चालतंय म्हनते ना. भाविक गेला मुरबाडला. टाकी रुसली व्हती. मी त्यानं छापून ठेवलेलं पान काढून वाचलं, लिवलंय तसं केलं, नि चाललं. तेच सांगाया फोन केला. इतकी वर्सं चालत नाय म्हनून सांगतो, तं चाललं तवा पन सांगाया नको?"

मनस्वीला हसू आलं आणि रडूही. ओढणीने डोळे पुसत ती म्हणाली, "पण आत्या, माझा नंबर तर पानावरून काढला होता. मिळाला कुठून?"

"पानावरचा तू पुसलास," धोंडीबाई म्हणाली. "पंपाच्या खोलीत भिताडावर मी कोळशानं लिवलाय, तो कोन पुसंल? त्याला हात नाय लावाया देत मी. बरं, जेवलीस का?"