घानाचा शुक्र्या आणि आकुर्डीचा म्हसोबा

सलग तीन दिवस दत्तोबाला कौल डावाच पडला होता, आणि शनिवार तर उद्यावर आला होता.

गोष्ट १९७५ सालची. आकुर्डीच्या शिवारात शेतीपंपांची एक कंपनी होती. तिच्या गेटवर जो रखवालदार बसायचा, तोच एके काळी त्या जमिनीचा मालक होता. दत्तोबाची नऊ एकर कंपनीच्या भिंतीआड गेली, तिच्याबरोबर बांधावरचा म्हसोबाही गेला. देवाला शेंदूर लावायचा मान दत्तोबाच्या घराण्याचा. म्हणून दर अमावस्येला त्याला आत सोडायचं ठरलं होतं. म्हणजे आपल्याच गेटावर तो आपल्यालाच आत सोडायचा! आता त्या जागी नवी शेड यायची होती. साहेब माणूस भला. त्याने गेटाशेजारी झकास चौथरा बांधला आणि म्हणाला, "दत्तोबा, शनिवारपर्यंत देव इकडे आणा. सोमवारी बुलडोझर येतोय, मग माझ्या हातात काही नाही."

पण देव काही पोत्यासारखा उचलून न्यायचा नसतो. त्याला विचारावं लागतं. ओल्या दगडाच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलाशिवाय दगड हलला, तर गावात कुणी दत्तोबाच्या हातचं पाणी पिणार नव्हतं. आणि बुलडोझर फिरला, तर ज्याच्या राखणीत देव गेला तो दत्तोबाच ठरणार होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोफी गेटावर आला. पंचविशीचा उंच, काळाभोर गडी. घाना देशाच्या सरकारने त्याला पंप शिकायला पाठवलं होतं. त्यांच्याकडे शुक्रवारी जन्मलेल्याला कोफी म्हणतात, हे कळल्यावर दत्तोबाने त्याचं दुसरं बारसं केलं, शुक्र्या. आठ महिन्यांत गड्याने कामापुरती मराठी उचलली होती, आणि दत्तोबाच्या बायकोची, अंबूबाईची भाकरी तर मराठीच्याही आधी. कामाला असा वाघ की मास्तर सांगायच्या आत पंप खोलून परत बसवलेला असायचा. दत्तोबाला त्याचा भारी अभिमान, जणू आपणच घडवलाय.

"दत्तोबा, भाकरी का नाही खाल्ली?" कोफीने विचारलं. दत्तोबाने सगळं सांगितलं.

कोफी हसला नाही. त्याने मातीत काडीने एक लांब रेघ ओढली. म्हणाला, ही आमची व्होल्टा नदी. सरकारने इथे धरण बांधलं, आणि पाणी मागे एवढं पसरलं की पुण्यात उभं राहिलं तर नांदेडच्या तोंडाशी संपेल. त्यात सातशेवर गावं गेली, आमचंही गेलं. त्यांची बावन्न नवी गावं वसवली. माणसं वह्या घेऊन गावोगाव फिरली, घर, झाड, माणूस, सगळं लिहून घेतलं. विजेवर मोठा कारखाना निघाला, शहरं उजळली.

"सातशे गावं!" दत्तोबाने तोंडात बोट घातलं. आपल्या पवना धरणाला मोजकी गावं उठली तर केवढा गहजब झाला होता. "आन् घरं?"

"एक खोली सरकार बांधून देणार. बाकीचा नुसता पाया. त्यावर तुम्ही बांधा."

"आन् देव?"

"देव पहिले. म्हाताऱ्यांनी दारू ओतून विचारलं. देव आला," कोफी म्हणाला. मग काडी टाकून दिली. "बाप नाही आला. म्हणजे, राहतो तिथे. पण बाकीच्या खोल्या बांधत नाही. म्हणतो, पाणी उतरेल, मी परत जाईन. अकरा वर्षं एका खोलीत. विजेच्या तारा डोक्यावरून गेल्या, गावात अंधार. म्हणून मी पंप शिकतो, मोटर शिकतो. मी जाऊन खोल्या बांधणार."

निगडीला दत्तोबाच्या भावकीची घरं उभी राहिली होती. तिथला त्याला मिळालेला जागेचा तुकडा नऊ वर्षं बाभळी खात होत्या, आणि तो मात्र कंपनीच्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या खोपटात राहत होता. 'आज ना उद्या सरकारची अक्कल ठिकाणावर येईल,' असं तो अंबूबाईला सांगायचा. अंबूबाईने घराचं विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

"शुक्र्या, तुज्या म्हाताऱ्यांनी देवाला काय इचारलं रं?"

"आम्ही जातो. तू येतो?"

दत्तोबाने तर तीन दिवस भलतंच विचारलं होतं: देवा, तू गेटापाशी चल, म्हणजे माझ्या नजरेसमोर राहशील. त्यात आपण कुठे जायचं, याचं नावच नव्हतं.

संध्याकाळी तो आंघोळ करून, अंबूबाईला घेऊन आत गेला. गावचे चौघे जण होते, कोफी लांब चपला काढून उभा होता. दत्तोबाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. तो म्हणाला, "देवा, हितं आता आपलं काय न्हाई. आमी निगडीला निघालोय. घर बांधतो. तू येतोस का?"

वारा नव्हता. कंपनीचा एक भोंगा होऊन गेला, तरी पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. मग उजवी सुटली आणि पायथ्याशी पडली.

"उजवा! उजवा पडला!" गावकरी ओरडले. गुलाल उधळला, कुणीतरी कोफीलाही लावला.

अंबूबाईने पाकळीकडे बघितलंच नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती.

"आत्ता म्हनाला ते खरं का?" तिने हळूच विचारलं.

"देवाम्होरं बोललोय."

"देवाला सांगितलंत. मला सांगा."

दत्तोबाने डोईचं मुंडासं काढलं आणि तोंड पुसलं. "अंबे," तो म्हणाला, "चुकलं माजं. चल."

तेव्हा कुठे ती रडली.