चहाच्या आत

धातूच्या पट्टीच्या मधल्या अरुंद भागावर श्रुतिकाने शाईचे दोन ठिपके दिले आणि त्यांच्यातलं अंतर पुन्हा मोजलं. वरचा ठिपका केसभर फुटला होता. तिने तो कापसाने पुसून नवा दिला. घाई नव्हती, निदान तिला तरी नव्हती.

मागे खुर्चीत डॉ. गुणाकर बसले होते. एके काळी नागपुरात ते तिचे मार्गदर्शक होते. आता एका खासगी खाणीला ते नव्या धातूचे बोल्ट विकू पाहत होते, खाणीचं छत धरून ठेवणारे. बोल्टच्या धातूची पट्टी ताणून पाहायचं यंत्र आसपास एकच, बालाघाटच्या या कॉलेजात, आणि त्याची चावी श्रुतिकाकडे.

धातू बारीक कणांचा बनलेला असतो. कण जितके लहान, तितका धातू बळकट. पण गुणाकरांनी ते इतके लहान केले होते की तिथून पुढे गणित उलटतं. सावकाश ओढलं तर असे कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि धातू मऊ पडतो. झटक्यात ओढलं तर त्यांना घसरायला वेळच मिळत नाही. पट्टी पोलादाला लाजवते. श्रुतिकाने हे तेव्हाच दाखवलं होतं. गुणाकरांच्या प्रयोगशाळेत मात्र यंत्रासाठी रांग असायची आणि रिवाज एकच: चाचणी दुपारच्या चहाच्या आत संपली पाहिजे. तिची सावकाश ओढलेली पट्टी मऊ निघाली तेव्हा सगळ्यांसमोर ते हसत म्हणाले होते की पट्टी नाही, हिचा हातच मऊ आहे; हिने घरी कणीक मळावी. तिच्याबरोबर शिकणाऱ्या देवेंद्रच्या झटपट चाचण्या छापून आल्या. ती तेव्हा गप्प राहिली आणि पीएच.डी. अर्धवट टाकून गावी परतली.

आज आल्या आल्या त्यांनी तिच्या आईची चौकशी केली, कॉलेजची तारीफ केली आणि मग किती झटक्यात ओढायचं तेही सांगून टाकलं.

ते सांगतील तोच वेग लावायचा, असं तिने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. हवा तो आकडा घेऊन जाऊ देत. बोल्ट लागतील, सत्कार होतील, आणि मग हळूहळू ते तापल्या मेणासारखे लांबतील, सगळ्यांच्या देखत, गुणाकरांच्या नावासकट. तिला तोंड उघडायचीही गरज नव्हती. या विचाराने तिला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली होती.

खाणीकडून हेमराज आला होता, छताला बोल्ट ठोकणाऱ्या टोळीचा मुकादम. तो यंत्राभोवती एक चक्कर मारून तिच्याजवळ उभा राहिला.

"म्याडम, पयले बोल्ट कुठी लागून राह्यले, मालूम हाय?"

"कुठी?"

"आमच्या जेवाच्या जागेवर. सारे तिथंच डब्बे खोलतो. आमचा राहुल त म्हणते, नव्या छताखाली मीच बसन." तो हसला. "जवाई हाय. त्याले नाही कसं म्हनू?"

श्रुतिकाला हसू आलं नाही. छताचा भार झटक्याने येत नाही. दगड महिनोन्महिने खाली दबत राहतो. हे तिला कालही ठाऊक होतं. त्याखाली कोण बसतं, एवढंच तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

तिने पट्टी यंत्राच्या जबड्यात आवळली. बोटं वेगाच्या बटणावर थांबली.

"लाव की," मागून गुणाकर म्हणाले. "चहाच्या आत उरकून टाक." मग हेमराजकडे पाहून त्यांनी डोळा मिचकावला. "फार मऊ हात हिचा. आम्ही हिला कणीक मळायला सांगितलं होतं."

हेमराज कुणाकडेच न पाहता यंत्राकडे पाहत राहिला.

श्रुतिकाने बटण उलट फिरवलं, पार शेवटपर्यंत. यंत्र सुरू झालं. काही हलतंय असं वाटलंच नाही. शिपायाने आणलेला चहा तिने गुणाकरांच्या हाती दिला, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ओढून यंत्रासमोर शेजारीशेजारी मांडल्या आणि त्यांच्यावरची धूळ कापसाने पुसली.

"इकडे बसा, सर. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. ही पट्टी मी सावकाश ओढणार. संध्याकाळ होईल. ती मऊ पडेपर्यंत तुम्ही मुकादमांशेजारी बसून बघायची."