कापून दिलेली पट्टी

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मासातील शुक्ल पक्षाची एक सकाळ. स्थळ, गेवराईबाहेर महामार्गालगत अभिमन्यूचा वेल्डिंगचा कारखाना. नेकनूरच्या बायकांच्या दूधसंस्थेसाठी घडवलेली स्टेनलेस स्टीलची टाकी आवारात मधोमध उभी होती. तिच्यात दूध तापणार आणि बोअरच्या खाऱ्या, कढत पाण्याने ती रोज धुतली जाणार. वेल्डिंगच्या शिवणीलगत पत्र्यात ताण अडकून राहिला, तर असे पाणी नेमके तिथेच चिरा पाडते. म्हणून संस्थेची अट होती की ताण मोजावा, आणि तो बेताचा निघाला तरच टाकी उचलावी.

मोजायला आलेली राजनंदिनी अभिमन्यूची सख्खी भाची. तिने यंत्राची पेटी उघडली, तोच त्याने हातभर पट्टी पुढे केली.

"हे घे. त्याच शिवणीची हाय. जास्तीचा काठ तुह्यासाठीच कापून ठिवला. चकचकीत टाकीला भोक कावून पाडती?"

"मामा, आवळलेली दोरी कापून माझ्या हातात दिली, तर ती किती आवळली होती हे मी कसं सांगू? पट्टी कापली तेव्हाच तिच्यातला ताण बराचसा सुटला."

"चार बुकं शिकली आन मामाला शिकवायली!"

संस्थेच्या अध्यक्षा सत्यभामाबाई पालथ्या डब्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, नवरी घरात असताना फोटो कावून दाखवता? पाडू द्या भोक."

अभिमन्यूचा नाइलाज झाला. राजनंदिनीने शिवणीशेजारी नखाएवढी संवेदक चकती चिकटवली, तारा जोडल्या आणि चकतीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याहून बारीक भोक पाडायला घेतले. भोकाभोवतीचा पत्रा जितका सैलावेल, तितका आत ताण होता, असा हिशेब. भोक खोल जाई तसतसा यंत्रावरचा आकडा चढू लागला.

अभिमन्यूला त्या आकड्याचे आश्चर्य वाटले नाही, आणि त्याच्या मनाला लागले ते हेच. त्याच्याच कारखान्यातल्या सोमनाथ मिस्त्रीने वेल्डिंगच्या दिवशीच विनवले होते: पत्रा धरून ठेवणारे शिकंजे सैल ठेवू, थोडे इकडे, थोडे तिकडे असे वेल्डिंग करू, पत्रा जरा वाकला तर वाकू द्या. तेव्हा अभिमन्यू सगळ्यांदेखत गरजला होता, "टाकी हाय बे, गोधडी न्हाई!" त्याने शिकंजे करकचून आवळले आणि शिवण एका दमात ओढली. ती ओळंब्यासारखी सरळ आली. परंतु तापलेल्या पत्र्याला जी हालचाल करू दिली नव्हती, ती ओढ होऊन पत्र्यातच कोंडली. इतके कळण्याइतका अनुभव त्याच्याही गाठीशी होता. त्या दुपारी अनुभवापेक्षा ऐट वरचढ ठरली होती.

"बोल की बे आता," तो शेजारी उभ्या सोमनाथला म्हणाला.

"काय बोलू, मालक? शिवण लई देखणी हाय."

टोमणा असता तर अभिमन्यूने परतवला असता. सोमनाथ मनापासून बोलत होता.

राजनंदिनीने दुसऱ्या बाजूलाही मोजून पाहिले. तिथेही आकडा मर्यादेच्या बाहेरच गेला. तिने तारा सोडल्या.

"तापवून सैल न्हाई का व्हायची?" अभिमन्यूने हळूच विचारले.

"अख्खी टाकी लालभडक तापवावी लागेल, मामा. एवढी भट्टी कुठं आणायची? आणि तापवली तरी तिचा घाट राहायचा नाही."

सत्यभामाबाईंनी भाचीकडे पाहिले, मग मामाकडे. पदर सावरून त्या उठल्या.

"भाऊ, ही टाकी आमी घेत न्हाई."